मावशीच्या खिशातला माणूस

"चीटिंग! चीटिंग! तू कुलूप फरशीवर आपटलंस!"

"आपटलं नाही, हातातून निसटलं!"

"लागोपाठ निसटलं? आणि दर वेळी जोरात?"

"घामेजले होते हात!"

भांडण ऐन रंगात आलं होतं. मावशीने सकाळीच भाच्यांसमोर जुन्या कुलपांची परात ठेवली होती. चावी न वापरता, नुसत्या तारेने जो आधी कुलूप उघडेल, त्याला बिस्किटांचा अख्खा डबा! तारेशी झटापट करून दोघांची बोटं लाल झाली होती आणि कुलपं मात्र मख्खासारखी बंदच होती.

कोपऱ्यात बसून एक चिमुरडी केव्हाची बिस्किटं खात होती.

"ए, डबा कोणी उघडला?"

"मी. माझं कुलूप मघाशीच उघडलं," तोंडातलं बिस्कीट सांभाळत ती म्हणाली.

"तुझं धरायचं नाही. तू लिंबूटिंबू आहेस!"

म्हणून तिचं नाव लिंबू. मावशीची लेक, वय आठ. पकडापकडीत तिच्यावर राज्य येत नसे, कॅरममध्ये तिचा पॉइंट मोजत नसत आणि गुप्त बैठकीत तिला पहाऱ्याला दाराबाहेर बसवत. सुट्टीसाठी आलेल्या दोघांपैकी मोठी होती तोफ. ती कुजबुजली तरी रस्त्यापलीकडचं कुत्रं जागं व्हायचं. तिचा भाऊ शंकासुर. सूर्य उगवला तरी हा विचारायचा, "पण कालचाच कशावरून?"

दुकान कुलपांचं होतं. भिंतींवर कुलपं, छताला कुलपं, मधोमध चावीचं यंत्र, बाजूला टेबलाला घट्ट बसवलेली लोखंडी पकड आणि मागच्या भिंतीला हत्तीच्या पिल्लाएवढी तिजोरी. वर राहायच्या दोन खोल्या. कुलपाला कान लावून मावशी त्याचं दुखणं सांगायची. तिच्याबद्दल लोक काय काय बोलत! एकदा म्हणे एका हट्टी तिजोरीने तिला दारात पाहिलं आणि घाबरून आपली आपणच उघडली. खरं-खोटं त्या तिजोरीलाच ठाऊक. पण मावशी भलती संशयी होती, हे मात्र शंभर टक्के खरं. काका आंघोळीला गेले तरी ती बाहेरून विचारायची, "आत कोण आहे?"

तेवढ्यात चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस दुकानात शिरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि काउंटरवर साबणाची वडी ठेवली. वडीवर चावीचा ठसा उमटवलेला होता.

"ताई, अशी एक चावी करून द्या. जरा घाई आहे."

मावशीने वडी निरखली. तिने हातोडी उचलली आणि पकडीवर मारली. टण्! आणि लगेच पुन्हा, टण् टण्!

मागच्या खोलीत दारावरच्या पाट्या कोरत बसलेले काका ताडकन उठले आणि हाताची घडी घालून दारात येऊन उभे राहिले. काका स्वभावाने लोण्याचे, पण देहाने तिजोरीचे.

"कुलूप कुठंय?" मावशीने विचारलं.

"घरी."

"चला, घरी येते. शेजाऱ्यांना विचारते, हे घर यांचंच ना. मग चावी."

"अहो, मी सांगतोय ना, माझंच घर आहे! घाई आहे हो!"

"नुसत्या सांगण्यावर मी चावी करत नाही. माणूस समोर, कुलूप समोर, आणि दारापर्यंत मी माझ्या पायांनी जाणार. फुकट. चालायचं?"

माणूस असा सटकला, की साबण तिथेच राहिला.

"आई, हातोडी वाजली की बाबा का येतात?" लिंबूने उगाचच विचारलं. तिला ठाऊक होतं. तिला फक्त ते सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. "कारण टण्, टण् टण् म्हणजे दुकानात संशयी माणूस आहे!"

"गप गं लिंबू," तोफ म्हणाली. "सगळ्यांना कळलं."

दुपारी काका दाढी करायला गेले. काकांची दाढी म्हणजे अर्धा दिवस गेला, कारण वस्तरा कमी आणि तोंड जास्त चालायचं. सध्या तर त्यांच्याकडे सांगायला मोठी बातमी होती. दुकान भाड्याचं होतं आणि ते विकायला निघालेल्या मालकाने मावशीला सोमवारपर्यंत मुदत दिली होती. मावशीने चाव्या घासून घासून जमवलेली सगळी पुंजी बँकेत तयार होती. सोमवारी पैसे दिले की दुकान आणि वरच्या खोल्या कायमच्या त्यांच्या. नाही दिले, तर शेजारचा टायरवाला टपलेलाच होता. मग लिंबूचं घर, परात, तिजोरी, सगळं रस्त्यावर!

मुलं खालच्या पायरीवर बसली होती. अचानक शंकासुराने कान टवकारले.

"कसला आवाज?"

खर्रर्र! मावशीने भरदुपारी शटर अर्धं खाली ओढलं होतं!

"मावशी, बरं नाहीये का गं?" तोफेने विचारलं.

"माल बघायचाय. वर जाऊन खेळा," मावशी त्यांच्याकडे न बघता म्हणाली. तिच्या एका कानात फोनची वायर होती, दुसरी लोंबत होती आणि फोन ॲप्रनच्या खिशात होता.

मुलं वर गेली. म्हणजे पायांचा आवाज वर गेला. मुलं जिन्याच्या वळणावर ठिय्या देऊन बसली.

"हो साहेब," मावशी कुजबुजत होती. "नाही, कोणाला नाही सांगितलं... हो, नवीन खातं जोडलं... नाही नाही, फोन चालूच आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"साबणवाला!" तोफ फुसफुसली. एवढी, की जिन्याचा कठडा थरथरला. "तो मावशीला धमकावतोय!"

"कशावरून?" शंकासुर खिडकीकडे सरकला आणि लगेच परत आला. "तो समोरच्या टपरीवर चहा पितोय. एका हातात कप, एका हातात पाव. फोन काय कोपराने धरणार?"

"मग कोण आहे?"

"तेच बघायला हवं. मावशी कोणाला साहेब म्हणते? मागे पोलीस आले होते, त्यांनाही तिने 'कुलूप कुठंय' विचारलं होतं."

तोफेला धीर म्हणून नव्हताच. ती धडधडत खाली गेली. "मावशी, कोणाशी बोलतेस?"

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी विनवलं. पण तोफ इतकी जवळ गेली होती, की लोंबणाऱ्या वायरीतून बारीक, गोडमिट्ट आवाज तिच्या कानावर पडला.

"मॅडम, कोण आहे तुमच्याजवळ? पुन्हा सांगतो, घरातल्यांनाही कळू देऊ नका. शाखेतलेच लोक सामील आहेत. तुमच्या खात्याची चावी चोरांच्या हाती गेली आहे. पैसे सुरक्षित खात्यात हलवले, की तुम्ही सुटलात."

तोफ पुन्हा वर आली, ती आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलत.

"बँकेचा माणूस आहे. म्हणतो, बँकेचा आहे."

"म्हणतो!" शंकासुराचे डोळे चमकले. "आणि कोणाला सांगू नका, असंही म्हणतो? का? चांगलं काम आहे, तर लपवायचं कशाला?"

"पण मावशी कशी फसेल? तिचा स्वतःच्या सावलीवर विश्वास नाही!"

शंकासुर नखं कुरतडत विचार करत राहिला. मग ताडकन उठला. "अगं, ती गिऱ्हाइकांना रोज काय सांगते? 'चावी दुसऱ्याच्या हाती गेली ना? मग आधी माल हलवा, नवं कुलूप घाला, आणि गावभर बोभाटा करू नका.' हेच सांगते ना? त्या माणसाने मावशीचाच सल्ला मावशीला विकलाय!"

"जाऊन फोन हिसकावते!" तोफ निघालीच.

"थांब! ती पुन्हा घेईल. तिला वाटतंय, तोच तिला वाचवतोय. आणि तिथे काहीही बोललो तरी त्याला ऐकू जाईल. मावशीच्या खिशात एक माणूस बसलाय. तो म्हणेल, बघा मॅडम, घरचेच उलटले! आधी खात्री करू. बँक कोपऱ्यावरच आहे. लिंबू, तू पहारा दे."

"नेहमी मीच?" लिंबू म्हणाली, पण दोघं मागच्या दाराने पसारही झाले होते.

बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या मिशा एवढ्या मोठ्या होत्या, की त्या सांभाळायला दुसरा पहारेकरी ठेवावा लागला असता.

"कुठे निघालात? पाणी प्यायला? पंख्याखाली बसायला?"

"साहेबांना भेटायला! आमच्या मावशीच्या खिशात तुमच्या बँकेचा माणूस बसलाय!"

"खिशात!" पहारेकरी गदगदून हसला. "सुट्टी लागली की यांना काहीही सुचतं. पळा!"

मग तोफेने छाती भरून श्वास घेतला आणि आपलं नाव सार्थ केलं.

"चोर!"

बँकेतली सगळी पेनं जागच्या जागी थांबली. आतल्या काचेच्या खोलीतून व्यवस्थापक बाई धावत आल्या. शंकासुराने त्यांना सगळं सांगितलं. नवीन खातं, गुप्तता, वायर, गोड आवाज. ऐकता ऐकता बाईंच्या कपाळावर आठ्या उमटल्या.

"तो आमचा नाही. पैसे दुसऱ्या खात्यात हलवा, असं बँक फोनवर कधीच सांगत नाही. फोनमध्ये काही नवीन घालायला लावलं का त्याने?"

"माहीत नाही. पण ती सारखी फोनचा पडदा बघतेय."

"बहुतेक तोही बघत असेल, तिच्याबरोबर. नवीन खातं जोडलं, की मोठी रक्कम पाठवायला थोडा वेळ थांबावं लागतं. म्हणून तो तिला सोडत नाहीये."

"मग तुम्ही खातं बंद करा ना!" तोफ म्हणाली.

"दोन पोरांच्या सांगण्यावर? उद्या कोणीही येईल आणि कोणाचंही खातं बंद करायला सांगेल. खातेदार समोर हवी, बाळा."

"मावशीसारखंच बोलतात!" तोफ पुटपुटली.

"मी फोन करते तिला," बाईंनी फोन उचलला.

"नको!" शंकासुर ओरडला. "त्याने सांगितलंय, शाखेतले लोकच चोर आहेत. तुमचा आवाज ऐकला, तर ती घाबरून लगेच पैसे पाठवेल."

बाईंनी फोन खाली ठेवला. "भलताच पक्का दिसतोय. मग एकच उपाय. फोन पूर्ण बंद करायचा आणि तिला इथे आणायचं. पळा! मी सगळं तयार ठेवते."

पहारेकऱ्याने या वेळी दार स्वतः उघडून धरलं. मिशाही जरा खाली आल्या होत्या.

दुकानाच्या मागच्या दारात लिंबू पाय आपटत उभी होती. "कुठे होता तुम्ही? तो म्हणतोय, आता झालंच! आई चष्मा शोधतेय!"

चष्मा! मावशीचा चष्मा कपाळावर असायचा आणि त्यामुळेच तिला कधी सापडत नसे. तेवढाच काय तो वेळ हातात होता.

तोफेने पाट्यांचा एक पुठ्ठा ओढला, त्यावर खडूने भलंमोठं 'चोर' लिहिलं आणि मावशीसमोर नाचवलं. मावशीने चिडून हात झटकला. वायरीतून आवाज येतच होता. "काही गडबड आहे का मॅडम? घरचे अडवतील, मी म्हणालो होतो ना?" मावशीने मान डोलावली आणि पुठ्ठ्याकडे पाठ केली.

शंकासुराने हात जोडले. मावशीने डोळे वटारले.

दुकानासाठी जमवलेली सगळी पुंजी आता एका बोटाच्या अंतरावर होती. तोफ पहिल्यांदाच गप्प होती आणि शंकासुराला पहिल्यांदाच काही सुचत नव्हतं.

आणि तेवढ्यात,

टण्!

टण् टण्!

मावशी ताडकन वळली. इतक्या वर्षांची सवय! तो आवाज ऐकला, की तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे. कोण आहे दुकानात? तिने दाराकडे पाहिलं. शटर अर्धं खाली. काउंटरसमोर कोणी नाही. कोपऱ्यात कोणी नाही. पकडीजवळ मात्र दोन्ही हातांनी जड हातोडी धरून लिंबू उभी होती.

मावशीने भुवया उंचावल्या. कोण?

लिंबूने सकाळची साबणाची वडी उचलली, आईसमोर ठेवली आणि एक बोट उगारून सरळ ॲप्रनच्या खिशाकडे दाखवलं.

मावशी खिशाकडे बघत राहिली. मग साबणाकडे. मग पुन्हा खिशाकडे.

लिंबूने काउंटरवर दोन बोटं टेकवली आणि ती पायांसारखी चालवत चालवत नेली. दाराच्या दिशेने. बँकेच्या दिशेने.

मावशीचा हात आपोआप कपाळावर गेला. चष्मा सापडला. तो नाकावर बसवून तिने लेकीकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा बदलत गेला, अडकलेलं कुलूप आतून सुटत जावं तसा. मग ती बोलली, ती अगदी मऊ आवाजात.

"साहेब, एक सांगू? मी बँकेत चालत येते. समोरासमोर बोलू."

"मॅडम! काय बोलताय? तिथेच तर चोर आहेत!"

"मग तुम्ही बसता तिथे येते. पत्ता सांगा. शेजाऱ्यांना विचारते, हे साहेब इथलेच ना, आणि मग पैसे हलवते."

"वेळ नाहीये हो! आता लगेच आकडे दाबा!"

"घाई आहे?"

"भयंकर घाई!"

"सकाळीही एकाला अशीच घाई होती," मावशी म्हणाली. "साबण विसरून गेला."

तोफेने हसू दाबायला स्वतःच्याच तोंडात ओढणीचा बोळा कोंबला.

"कसला साबण? मॅडम, तुमचे पैसे सुरक्षित ठिकाणी..."

"हो, हो, सुरक्षित ठिकाण! माझ्याकडे आहे की एक. थांबा हं, तुम्हालाच हलवते."

मावशीने वायर उपटली, फोनचं बटण दाबून धरलं, पडदा काळा झाल्याची खात्री केली, फोन हत्तीच्या पिल्लात टाकला आणि तिजोरीचं दार धाडकन लावलं! कुलूपवाल्यांच्या इतिहासात चोराला तिजोरीत कोंडल्याची ही पहिलीच वेळ असावी.

"पळा!" मावशी ओरडली आणि ॲप्रनसकट सगळ्यांच्या पुढे धावत सुटली. पाहणारे सांगतात, तिच्या वेगाने रस्त्यावरच्या सायकली आपोआप वळल्या. बँकेत बाईंनी तिची ओळख पटवली, सही घेतली, जोडलेलं नवीन खातं काढलं आणि मावशीचं खातं गोठवलं. बटण दाबून हात मागे घेतात, तोच पडद्यावर लाल सूचना चमकली.

"बघा," बाई म्हणाल्या. "आत्ताच कोणीतरी दार ढकलून पाहिलं. बंद होतं, म्हणून परत गेला."

मावशी मटकन खुर्चीत बसली. "आणि मी त्याला नव्या खात्याचा आकडा वाचून दाखवत होते. दोनदा. मी! मी म्हणजे..." लिंबूने तिच्या हातात हात दिला.

"मी पोलिसांना कळवतेय. तो आकडाच त्यांना हवाय," बाई म्हणाल्या. "सांगा बघू, नोंदीशी ताडून पाहते. त्या खात्यात आणखी कोणाकोणाचे पैसे अडकलेत, तेही कळेल."

इतक्यात काका आले. अर्ध्या गालावर दाढी, अर्ध्यावर फेस. "काय झालं? टपरीवर कळलं, की माझी बायको तिजोरीत अडकली!"

"तिला राहू द्या," मावशी फणकारली. "आधी सांगा, आपण दुकान घेतोय आणि पैसे कुठल्या बँकेत आहेत, हे त्या माणसाला कसं कळलं?"

काकांच्या गालावरचा फेस ओघळला. "मी फक्त बाजाराच्या ग्रुपवर टाकलं होतं. आनंदाची बातमी म्हणून. बँकेने किती चांगली सेवा दिली, तेही. आणि अभिनंदनासाठी तुझा नंबर."

"बाकी काय राहिलं? तिजोरीचा फोटो?"

काका जमिनीकडे बघू लागले.

"फोटोसुद्धा!" सगळे एकदम ओरडले.

संध्याकाळी पोलीस आले. मावशीने दुसऱ्याच्या फोनवरून त्यांच्या ठाण्यात खात्री करून घेतली, तोवर त्यांना शटरबाहेरच उभं केलं. पण पोलीस रागावले नाहीत. मावशीने दिलेल्या आकड्यामुळे ते खातं पैसे बाहेर जायच्या आत अडवता आलं होतं. एका शिक्षिकेचे सकाळीच गेलेले पैसे त्यात जसेच्या तसे सापडले. मग तिजोरीतला फोन निघाला आणि त्यात त्या माणसाने घालायला लावलेलं ॲप पोलिसांनी काढून टाकलं. सोमवारी मावशीने बँकेत जाऊन, बाईंच्या समोर बसून दुकानाचे पैसे भरले. टायरवाला दारातून डोकावून गेला आणि एक कुलूप विकत घेऊन गेला.

"शाबास रे पोरांनो!" बँकेत पैसे भरून होताच व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "शंका घेतलीत, आवाज चढवलात, ठोका दिलात. आमच्या सूचनाफलकाने वर्षभरात केलं नाही, ते तुम्ही एका दुपारी केलंत." पहारेकऱ्याने तर कडक सलाम ठोकला.

सोमवारी रात्री जेवताना मावशीने हातोडी लिंबूच्या ताटाशेजारी ठेवली. "ही आजपासून तुझी. वाजवलीस, की मी हातातलं काम टाकून थांबणार. अगदी माझ्याविरुद्ध वाजवलीस तरी."

"आणि उद्यापासून पकडापकडीत हिच्यावर राज्य येणार," तोफ म्हणाली. लिंबूचा चेहरा असा उजळला, जणू राज्य येणं हे जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतं न उघडतं, तोच फोन वाजला.

"नमस्कार! बँकेतून बोलतेय. तुमच्या दुकानाच्या..."

टण्! टण् टण्!

"अहो, मी व्यवस्थापक! काल नाही का भेटलो? खरीच आहे मी!"

"असाल हो बाई," मावशी गोड हसून म्हणाली, "पण ठेवते. आम्ही चालत येतोय."

आणि चौघंही चपला शोधू लागली.